लिहून बोलण्याची भाषा : ऑनलाइन संवादात शुद्धलेखनाचे स्थान

ऑनलाइन संवादात शुद्धलेखनाला आणि व्याकरणाला कितपत महत्त्व द्यावे, हा प्रश्न मराठीत बहुधा दोन टोकांवरून मांडला जातो. एका बाजूचे म्हणणे असे की, अर्थ पोचला म्हणजे काम झाले, मग वेलांटी पहिली की दुसरी याची उठाठेव कशाला. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, व्हॉट्सॲपवरील निष्काळजी लेखनामुळे भाषेची पडझड चालली असून ती वेळीच थांबवली पाहिजे. या दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे शुद्धलेखन ही एकसंध वस्तू असून ती सगळीच्या सगळी पाळावी लागते किंवा सगळीच्या सगळी सोडता येते. प्रत्यक्षात या एका शब्दाखाली निरनिराळ्या कामांच्या खुणा, संकेत आणि सवयी एकत्र बांधल्या गेल्या आहेत, आणि त्या सुट्या करून पाहिल्याशिवाय प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. प्रस्तुत आढाव्यात हा प्रश्न मुख्यतः कोल्हापूर परिसराच्या मराठीच्या आधारे तपासला आहे. त्याची कारणे दोन आहेत. येथील बोली ठसठशीत असून ती आता रोज लाखो संदेशांतून लिहिली जाते. शिवाय लेखणी कोणाच्या हाती असावी, या प्रश्नाला येथील सामाजिक इतिहासात फार मोठे स्थान आहे.

संज्ञांची फोड

‘शुद्धलेखन’ हा शब्द रूढ असला तरी अनेक अभ्यासक ‘प्रमाणलेखन’ किंवा ‘लेखननियम’ हे शब्द पसंत करतात, कारण ‘शुद्ध’ म्हटले की त्याच्या पाठोपाठ ‘अशुद्ध’ येते आणि या जोडीला आपल्या समाजात सोवळ्याओवळ्याचा जुना वास आहे. लेखननियम म्हणजे एखादा शब्द कसा लिहावा याबद्दल समाजाने केलेला करार होय. तो बदलता येतो आणि मराठीत तो अनेकदा बदललेला आहे. व्याकरण ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. शब्दांची रूपे कशी होतात आणि वाक्य कसे जुळते याची जी व्यवस्था बोलणाऱ्याच्या मनात लहानपणापासून घडलेली असते तिला व्याकरण म्हणतात, आणि अशी व्यवस्था प्रत्येक बोलीला असते, मग तिच्यावर कोणी पुस्तक लिहिलेले असो वा नसो. प्रमाणभाषा ही यांतली तिसरी संज्ञा असून शिक्षण, शासन, वृत्तपत्रे आणि ग्रंथ यांच्या व्यवहारासाठी मान्य झालेले भाषेचे रूप असा तिचा अर्थ आहे.

ऑनलाइन संवाद या तिन्ही संज्ञांच्या सीमेवर उभा आहे, कारण तो लिहिला जातो पण त्याची जात बोलण्याची असते. त्याला ताबडतोब उत्तर अपेक्षित असते, वाक्ये तुटक असतात आणि समोरच्याशी असलेली ओळख गृहीत धरलेली असते. मात्र बोलताना जे काम चेहरा, हातवारे आणि आवाजाचा चढउतार करतात ते येथे अक्षरांनी आणि चिन्हांनीच करावे लागते. म्हणूनच त्याला ‘लिहून बोलणे’ म्हणणे अधिक योग्य ठरते.

सैल लेखनाची जुनी परंपरा

मराठीत नियमांचा जाच नसलेले लेखन मोबाइलमुळे प्रथमच अवतरले, ही समजूत इतिहासाला धरून नाही. परंपरेने हेमाद्रीपंतांशी जोडली जाणारी मोडी लिपी कित्येक शतके दरबाराच्या, महसुलाच्या आणि घरगुती पत्रव्यवहाराची लिपी होती आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती वापरात राहिली. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जतन केलेली संस्थानची जुनी दफ्तरे पाहिली तर तिचे स्वरूप स्पष्ट होते. हात न उचलता भरभर लिहिण्याच्या सोयीसाठी घडलेल्या या लिपीत ह्रस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नसे, शब्दांमध्ये जागा सोडली जात नसे आणि विरामचिन्हे नव्हती. तरीही जमिनी, वतने, खटले आणि लढाया यांचा कारभार त्या लेखनावर चालला.

तो चालला कसा, याचे उत्तर आजच्या प्रश्नाला फार उपयोगी आहे. मोडी पत्राला ठरलेला मायना होता, वाक्प्रयोग ठरलेले होते, लिहिणारा व वाचणारा कारकून एकाच परंपरेत तयार झालेला होता आणि विषयाचा संदर्भ दोघांना ठाऊक होता. खुणांची उणीव सामायिक संदर्भ भरून काढत होता. याच्याच शेजारी दुसरी परंपराही नांदत होती, जिच्यात अनोळखी वाचकाचा विचार मुख्य होता. ग्रंथ लिहिण्यासाठी बाळबोध म्हणजे देवनागरी लिपी वापरली जाई आणि समर्थ रामदासांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास तर लेखनक्रियेलाच वाहिलेला आहे. अक्षर सुटे, सारखे आणि वाचणाऱ्याला सुखाचे असावे, हा त्यातील आग्रह आहे. ओळखीच्या माणसासाठी सैल लेखन आणि अनोळखी वाचकासाठी काटेकोर लेखन, अशी ही विभागणी होती.

छापखान्याने अनोळखी वाचकांची संख्या एकदम वाढवली आणि त्याबरोबर नियमांची गरजही वाढली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला, दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये आले. या काळात शब्दाची व्युत्पत्ती दाखवणारे, पण उच्चारात नसलेले अनुस्वार लिहिले जात, त्यामुळे ‘नांव’, ‘पांच’, ‘घरांत’, ‘कांहीं’ ही रूपे त्या वेळी बरोबर होती. असे अनुस्वार ठेवावेत की काढावेत यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वाद झडत राहिला. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे चौदा नियम तयार केले, राज्य शासनाने ते १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. याच नियमांनी अनुच्चारित अनुस्वारांना निरोप दिला. ज्यांचे शालेय शिक्षण त्याआधी झाले अशा वडीलधाऱ्या व्यक्तीने आज संदेशात ‘नांव’ लिहिले तर ती चूक नसून त्या व्यक्तीच्या वेळचा करार आहे, एवढे भान तरी या इतिहासातून यावे.

ऑनलाइन संदेशाची अडचण या दोन परंपरांच्या विभागणीतूनच उद्भवते. तो लिहिला जातो मोडी पत्राच्या सैलपणाने, कारण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ओळखीचे माणूस असते. पण एका बोटाच्या दाबाने तो पुढे ढकलला जातो आणि वर्तमानपत्राइतक्या अनोळखी वाचकांपुढे जाऊन उभा राहतो. संदर्भ मागे राहतो आणि अक्षरे तेवढी प्रवास करतात.

कोणती खूण कोणते काम करते

ह्रस्व-दीर्घ हा शुद्धलेखनाचा सर्वांत गाजलेला भाग आहे. परंतु अर्थरक्षणाच्या दृष्टीने पाहिले तर तो सर्वांत महत्त्वाचा ठरत नाही. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, ‘शिर’ म्हणजे डोके आणि ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी, ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा, अशा जोड्या शाळेत शिकवल्या जातात, पण त्या मोजक्या असून बहुतेक ठिकाणी वाक्याचा संदर्भ घोटाळा होऊ देत नाही. आजच्या बोलण्यात इकार-उकाराची लांबी मुख्यतः शब्दातील जागेवरून ठरते. याचे उत्तम उदाहरण कोल्हापूरच्या नावातच आहे. गावाच्या नावातील ‘पूर’ दीर्घ लिहावा, असा महामंडळाचा नियम आहे. मात्र विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे जे रूप होते, ज्याला सामान्यरूप म्हणतात, त्यात हा उकार ह्रस्व होतो, म्हणून ‘कोल्हापूर’ पण ‘कोल्हापुरात’ आणि ‘कोल्हापुरी’. नदीच्या पुराचेही तसेच आहे : ‘पूर आला’, पण ‘पुराचे पाणी’, ‘एक फूट’, पण ‘फुटांवर’. नीट कान देऊन ऐकले तर मराठी माणूस हे शब्द असेच उच्चारतो, म्हणजे हा नियम वरून लादलेला नसून उच्चारातूनच निघालेला आहे. ‘कोल्हापुर’ हे रूप मात्र हिंदीच्या वळणाचे असून फलकांवरून आणि यंत्रांच्या सूचनांतून ते मराठीत शिरते. ‘की’ या उभयान्वयी अव्ययाचे हिंदीत ‘कि’ होते, त्याचीही गत हीच आहे.

काही नियम मात्र उच्चारावरून उमगत नाहीत. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणजे तत्सम, ह्रस्व इकारान्त व उकारान्त शब्द सुटे लिहिताना दीर्घ आणि समासात पूर्वपदी आले की ह्रस्व लिहावे, असा नियम असल्याने ‘कवी’ पण ‘कविमन’, ‘गुरू’ पण ‘गुरुदक्षिणा’ असे लिहावे लागते. तो पाळायचा तर शब्द संस्कृत आहे की नाही, हे आधी ठाऊक असावे लागते, आणि हे ओझे सर्वांना सारखे पेलत नाही. अशा चुका संदेशात झाल्या म्हणून अर्थाला धक्का लागत नाही, हे मान्य केले पाहिजे.

याउलट ज्या खुणांकडे लोकांचे लक्ष सहसा जात नाही त्या प्रत्यक्षात अर्थाचा भार वाहत असतात. ‘वेळ’ आणि ‘वेल’, ‘काळा’ आणि ‘काला’, ‘कळ’ आणि ‘कल’ यांतील ळ-लचा भेद सोडला तर शब्दच बदलतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातील खोल भाग. ‘आचार्यांना’ बोलावले तर विद्वान येतील आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावले तर स्वयंपाकी. बोलीभाषेच्या वळणाने लिहिताना शब्दाच्या शेवटी येणारा अनुस्वारही असाच कामाचा आहे. ‘केले’, ‘झाले’ यांऐवजी ‘केलं’, ‘झालं’ असे लिहिण्याची मुभा महामंडळाच्या नियमांतच आहे, पण त्यासाठी अंत्य अक्षरावर अनुस्वार हवा. तो गाळून ‘मला वाटत’ असे लिहिले की वाचणारा पुढे ‘नाही’ येईल म्हणून थांबतो आणि वाक्य अर्धवट राहिल्यासारखे होते. ‘मला वाटतं’ म्हटले की ते पुरे होते.

विरामचिन्हांचे मोल तर बोलण्याच्या जागी लिहिणे आल्यामुळे वाढले आहे. मराठीत प्रश्न विचारण्यासाठी ‘का’ लावण्याची गरज नेहमी नसते, नुसत्या सुरानेही प्रश्न होतो, त्यामुळे ‘जेवलात?’ ही चौकशी असते आणि ‘जेवलात’ हे विधान, प्रसंगी तक्रारही. हा सूर दाखवायला लेखनात प्रश्नचिन्हाखेरीज दुसरे साधन नाही. विरामचिन्हांना नवे अर्थही चिकटत आहेत. अमेरिकेतील बिंगहॅम्टन विद्यापीठात १२६ विद्यार्थ्यांवर केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, मोबाइलवरील एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असेल तर ते कमी मनापासून दिलेले वाटते, पण हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत तसे वाटत नाही. मराठी संदेशातही संदेश संपला की वाक्य संपले असे मानण्याची रीत पडत चालली आहे आणि ‘ठीक आहे.’ मधला पूर्णविराम काहींना तुटक वाटतो. नियम सुटले तरी व्यवस्था सुटत नाही; जुन्या खुणांना नवी कामे मिळतात, एवढेच.

आदर वाहणारा बिंदू

मराठी लेखनातील सर्वांत लहान खूण अनुस्वाराची आहे आणि सर्वांत नाजूक सामाजिक कामही तीच करते. मराठीत आदर दाखवण्यासाठी एका व्यक्तीलाही अनेकवचन वापरतात, ज्याला आदरार्थी बहुवचन म्हणतात, आणि हे अनेकवचन सामान्यरूपात अनुस्वाराने दाखवले जाते. ‘आजोबांना विचार’, ‘सरांचा फोन आला’, ‘त्यांनी सांगितलं’ या वाक्यांतील बिंदू काढून ‘आजोबाना’, ‘सराचा’, ‘त्यानी’ असे लिहिले की लेखी रूपातून आदर पुसला जातो. ‘त्यांनी’ लिहिताना बिंदू हरवला आणि कळफलकाने त्याचे ‘त्याने’ करून टाकले, तर वडीलधाऱ्या माणसाचा उल्लेख एकेरीत झाला असे वाचणाऱ्याला वाटण्याचा संभव असतो.

पूर्वीच्या पत्रात हे काम एकट्या बिंदूवर अवलंबून नव्हते. वडिलांना ‘तीर्थरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’, शेवटी साष्टांग नमस्कार किंवा अनेक आशीर्वाद, असा मायना नाते आधीच ठरवून टाकत असे आणि पुढचा मजकूर त्या चौकटीत वाचला जाई. संदेशात मायना उरलेला नाही, म्हणून नात्याचा सगळा भार क्रियापदाच्या रूपावर आणि अनुस्वारावर आला आहे. ‘या’ आणि ‘ये’, ‘सांगा’ आणि ‘सांग’, ‘आहेत’ आणि ‘आहे’ यांतली निवड म्हणूनच ऑनलाइन संवादात अधिक जपून करावी लागते. येथे व्याकरण म्हणजे शिष्टाचारच होय.

रोमन लिपीतील मराठी

मोबाइलवर देवनागरी सहज उमटत नसे त्या काळात मराठी रोमन अक्षरांत लिहिण्याची सवय लागली आणि देवनागरीची सोय झाल्यावरही ती अनेकांच्या हाताला राहिली. परदेशातील मराठी कुटुंबांत वाढलेली मुले मराठी बोलतात पण देवनागरी लिहीत नाहीत, त्यांच्यासाठी आणि सीमाभागात कन्नड माध्यमातून शिकलेल्या कित्येकांसाठी रोमन लेखन हा मराठीत लिहिते राहण्याचा एक मार्ग आहे, आणि तो तुच्छ लेखण्यासारखा नाही.

त्याच्या मर्यादा मात्र ठळक आहेत. इंग्रजी अक्षरांत ळ आणि ल, ण आणि न, ट आणि त यांचा भेद दाखवण्याची रूढ सोय नाही आणि आकार-अकारांचा घोळ तर पदोपदी होतो. जी, ए, व्ही, ए, टी ही पाच अक्षरे ‘गावात’ अशीही वाचता येतात आणि ‘गवत’ अशीही. के, ए, एल, ए या चार अक्षरांतून ‘कला’, ‘काला’, ‘काळा’ आणि ‘कळा’ हे चारही शब्द निघू शकतात. गप्पांत वाचणारा संदर्भाने निभावून नेतो, पण प्रत्येक शब्दाशी त्याला थोडे अडखळावे लागते, म्हणजे लिहिणाऱ्याने वाचवलेले श्रम वाचणाऱ्याच्या माथी येतात. देवनागरीतील मोडकीतोडकी मराठीही बहुधा रोमनमधील नीट मराठीपेक्षा लवकर वाचली जाते, आणि हे ध्यानात घेतले तर लिपी हा शुद्धलेखनाच्याही आधीचा प्रश्न ठरतो.

बोली म्हणजे चूक नव्हे

कोल्हापूरच्या संदर्भात सर्वांत मोठा गैरसमज बोलीविषयी आहे. या भागातील अनेक स्त्रिया ‘मी आलो’, ‘मी करतो’ असे म्हणतात आणि संदेशातही तसेच लिहितात. बाहेरचा वाचक याला लिंगाची चूक समजून ‘आले’, ‘करते’ अशी दुरुस्ती सुचवतो. वास्तविक तीच स्त्री दुसऱ्या स्त्रीबद्दल बोलताना ‘ती आली’ असेच म्हणते, म्हणजे लिंगभेदाची जाण शाबूत असून केवळ प्रथम पुरुषी एकवचनात तो दाखवला जात नाही. प्रमाण मराठीत तरी वेगळे काय घडते? ‘आम्ही आलो’ हे रूप स्त्रिया आणि पुरुष दोघेही वापरतात आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. प्रमाणभाषेने जे अनेकवचनात केले ते कोल्हापूरच्या बोलीने एकवचनातही केले. दोन्हीकडे नियम आहे आणि तो नेमाने पाळला जातो. ‘काय करायलायस?’ आणि ‘जेवायलोय’ ही चालू काळाची रूपेही अशीच व्यवस्थित असून ‘करतो आहेस’, ‘जेवतो आहे’ यांच्या शेजारी ती स्वतःच्या बळावर उभी आहेत.

बोली लेखनात येऊ शकते आणि सन्मानाने येऊ शकते, हे याच भूमीतील लेखकांनी कधीच सिद्ध केले आहे. पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांच्या कथांत येथील बोलणे जसे ऐकू येते तसे उतरले आहे आणि कागलच्या आनंद यादवांनी ‘गोतावळा’ (१९७१) ही कादंबरी निवेदनासह ग्रामीण बोलीत लिहिली. त्यांच्या ‘झोंबी’ला १९९० मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘नाद खुळा’, ‘विषय हार्ड’ यांसारखे कोल्हापुरी प्रयोग आज राज्यभरातील तरुणांच्या संदेशांत सापडतात, यावरूनही बोलीचे लिखित जीवन किती जोमदार आहे हे कळते. या लेखकांकडून आणखी एक धडा घेण्यासारखा आहे : त्यांनी बोली लिहिली, पण बेफिकिरीने लिहिली नाही. कोणता उच्चार कोणत्या अक्षराने दाखवायचा, अनुस्वार कोठे हवा, वाक्य कोठे थांबते, याचा त्यांनी बारकाईने विचार केलेला दिसतो. बोलीत लिहिणे आणि कसेही लिहिणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर बोलीच्या अभिमान्यांनीही जपले पाहिजे.

दुरुस्ती आणि सत्ता

दुसऱ्याच्या लेखनातील चूक दाखवणे ही वरवर पाहता ज्ञानाची देवाणघेवाण असते, परंतु मराठीच्या इतिहासात तिचा वापर माणसाला गप्प करण्यासाठीही झाला आहे. १८७४ मध्ये सुरू झालेल्या ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी महात्मा जोतीराव फुले यांच्या लेखनावर जी टीका केली तिच्यात त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टर उडवण्यावर मोठा भर होता. फुले ज्या अन्यायाबद्दल लिहीत होते तो अन्याय वेलांट्या मोजल्याने खोटा ठरत नव्हता, पण भाषेकडे बोट दाखवून मुद्द्याला बगल देता येत होती. आजही एखाद्याने रस्त्याची, पाण्याची किंवा शाळेची रास्त तक्रार मांडली असता ‘आधी नीट लिहायला शिका’ असे उत्तर दिले जाते, तेव्हा तीच जुनी युक्ती नव्या पडद्यावर खेळली जात असते.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय घेतला, तो पिढ्यान्पिढ्या पाटीपासून दूर ठेवलेल्या घरांत लेखन पोचावे म्हणून. त्यानंतर शंभर वर्षांनी घरोघरी मोबाइल आला आणि ज्यांनी शाळा सुटल्यावर सहीखेरीज काही लिहिले नव्हते अशी माणसेही रोज लिहू लागली. मराठीच्या इतिहासात एवढ्या लोकांनी एवढे कधीच लिहिले नव्हते. या घटनेकडे केवळ चुकांचा पूर म्हणून पाहणे म्हणजे त्या निर्णयाचे फळ हाती आले असता त्याच्या सालीवरचे डाग मोजत बसणे होय.

तरीही चुकांचा परिणाम होत नाही असे मात्र म्हणता येत नाही. मिशिगन विद्यापीठातील ज्युली बोलँड आणि रॉबिन क्वीन यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ८३ जणांना घरात सहनिवासी हवा या जाहिरातीला आलेली ईमेल-उत्तरे वाचायला दिली होती. लेखनातील चुका असलेल्या उत्तरांच्या लेखकांना वाचकांनी कमी पसंती दिली. त्याचबरोबर असेही आढळले की, ज्यांचा स्वभाव कमी मिळतेजुळते घेणारा होता ते व्याकरणाच्या चुकांबद्दल अधिक कठोर होते. या प्रयोगातून दोन्ही बाजूंना शिकण्यासारखे आहे : चूक लिहिणाऱ्याबद्दल मत बनवते, आणि चुकीवरची प्रतिक्रिया वाचणाऱ्याबद्दलही काही सांगून जाते. संक्षिप्त संदेशांमुळे मुलांची भाषा बिघडते, या भीतीबाबत इंग्लंडमधील कॉव्हेंट्री विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १० ते १२ वर्षांच्या ८८ मुलांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा संदेशांतील संक्षेप अधिक वापरणाऱ्या मुलांचे वाचनकौशल्य उलट चांगले असल्याचे दिसले. शब्द मोडून वापरण्यासाठी तो आधी माहीत असावा लागतो, हे त्यामागील कारण समजण्यासारखे आहे. हे अभ्यास इंग्रजीचे आहेत आणि मराठीच्या खुणा निराळ्या आहेत, तेव्हा त्यांचे निष्कर्ष दिशादर्शक म्हणूनच घ्यावेत.

पुराच्या दिवसांतील संदेश

भाषेतील काळजी प्रत्यक्ष जिवाशी कशी येते, हे ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांनी कोल्हापूरला दाखवून दिले. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजली जाते. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी मानतात. अशा दिवसांत ‘पाणी ४३ फुटांवर’ एवढाच संदेश फिरू लागला तर तो वाचणाऱ्याला काय करावे हे कळत नाही, कारण पाणी तेथे पोचले आहे, पोचणार आहे की तेथून उतरले आहे, हे सांगणारे क्रियापदच त्यात नाही. ‘शिरोलीजवळ रस्ता बंद’ या ओळीत तारीख आणि वेळ नसेल तर रस्ता मोकळा झाल्यावरही ती ओळ दोन दिवस लोकांना अडवून ठेवते. अशा संदेशात ‘फूट’चा उकार चुकला तर काही बिघडत नाही, पण क्रियापदाचा काळ, आकडा, गावाचे नाव आणि वेळ यांत झालेली चूक महागात पडते. व्याकरणाला महत्त्व आहे की नाही, या प्रश्नाचे इतके रोखठोक उत्तर एरवी मिळत नाही : क्रियापद गाळणे ही व्याकरणाचीच चूक आहे आणि पुराच्या रात्री ती अनुस्वार-वेलांट्यांच्या सगळ्या चुकांहून मोठी असते.

यंत्राची स्मरणशक्ती

बोललेला शब्द हवेत विरतो आणि कागदी चिठ्ठी फाटते, पण संदेश यंत्रात राहतो आणि पुढे शोधला जातो, हा ऑनलाइन संवादाचा आणखी एक विशेष आहे. युनिकोड म्हणजे जगातील लिपींच्या प्रत्येक अक्षराला एक ठरावीक क्रमांक देणारी व्यवस्था. तिच्यात देवनागरीचा समावेश १९९१ पासून आहे आणि मराठीला हवा असलेला सुटा ‘ॲ’ २००८ मध्ये आला. माणसाला ‘की’ आणि ‘कि’ सारखेच वाटले तरी यंत्राला ते दोन वेगळे शब्द असतात. ‘दऱ्या’मधील अर्धा र दोन वेगळ्या क्रमांकजोडण्यांनी लिहिता येतो, पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात, पण एकाचा शोध घेतला तर दुसरे हाती लागेलच असे नाही. एकच नाव चार प्रकारे लिहिले गेले की ते चार ठिकाणी विखुरते.

कळफलक जे शब्द सुचवतो ते लोकांनी आधी लिहिलेल्या मजकुरावरून शिकलेले असतात. ‘आणी’ पुष्कळांनी लिहिले की यंत्र ‘आणी’ सुचवू लागते आणि मग ज्याला ‘आणि’ येत होते तोही सूचनेवर बोट ठेवून मोकळा होतो. २०१७ पासून मराठीत बोलून लिहिण्याचीही सोय झाली, पण तेथेही बोलणाऱ्याची बोली आणि यंत्राला परिचित असलेली प्रमाणभाषा यांत तफावत पडली की उमटलेला मजकूर तपासावाच लागतो. पूर्वी एकाची चूक त्याच्या वहीत राहत असे; आता ती सर्वांच्या कळफलकात जाते, आणि नीट लिहिलेला शब्दही त्याच वाटेने सर्वांपर्यंत पोचतो. साध्या संदेशात काळजी घेण्याचे हे कारण आधीच्या पिढ्यांना नव्हते.

निष्कर्ष

या सर्व विचारांतून महत्त्वाचा एक क्रम हाती येतो. ऑनलाइन संवादात सर्वांत आधी जपाव्यात अशा गोष्टी म्हणजे क्रियापद, आकडे, नावे आणि वेळ. त्यानंतर अर्थ व नाते सांभाळणाऱ्या खुणा, म्हणजे अनुस्वार, ळ आणि ण, प्रश्नचिन्ह. आणि त्यानंतर ह्रस्व-दीर्घाचे संकेत, जे गप्पांत क्षम्य असले तरी सूचना, निवेदन, अर्ज किंवा पुढे पाठवला जाणारा मजकूर लिहिताना पाळले पाहिजेत. बोली या क्रमात कोठेच येत नाही, कारण ती चूकच नाही.

याहून महत्त्वाचे तत्त्व मात्र जबाबदारीच्या वाटणीचे आहे. लेखननियम ही वाचणाऱ्याची सोय आहे, म्हणून त्यांचा भार लिहिणाऱ्याने आपण होऊन उचलावा. पण वाचणाऱ्याने तो दुसऱ्यावर लादू नये. स्वतःच्या लेखनात कडक आणि दुसऱ्याच्या लेखनात उदार राहिल्याने भाषेचेही भले होते आणि संवादाचेही. याच्या उलट वागल्याने नव्याने लिहिती झालेली माणसे मुकी होतात, आणि लिहिणारे कमी झाले तर नियम राखून तरी कोणासाठी राखायचे? शिकवायचे असेल तर ते चारचौघांत न करता एकट्याला, मुद्द्याचे उत्तर देऊन झाल्यावर, सुचवल्यासारख्या सुरात सांगता येते.

कोल्हापुरातील एखादी मुलगी बसमधून उतरल्यावर भावाला लिहिते, ‘मी आलो, आजोबांना सांग.’ या चार शब्दांत ‘आलो’ तिच्या बोलीचे आहे आणि ‘आजोबांना’वरचा बिंदू तिच्या संस्कारांचा. त्यातला पहिला शब्द कोणी दुरुस्त करू नये आणि दुसऱ्या शब्दावरचा बिंदू तिने कधी सोडू नये. इतके सांभाळले तर लिहून बोलण्याच्या या काळात मराठीची चिंता पुष्कळशी मिटेल.